अर्धी घागर परत केली

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. देगलूरबाहेरच्या पेट्रोल पंपामागे भुजंग लोखंडी नळी जमिनीत ठोकत होता. जमिनीखालची टाकी गळत असेल तर तेलाची वाफ मातीतून वर येते. ती नळीतून ओढायची आणि यंत्रावर मोजायची, हे त्याचं अकरा वर्षांचं काम. नळीभोवती चिकणमाती पाण्यात कालवून थापावी लागते, नाहीतर बाहेरची हवा शिरते आणि आकडा खोटाच खाली येतो.

एप्रिलमध्ये त्याने माती कालवली नव्हती. पलीकडच्या वस्तीतल्या चतुराबाईंनी त्यासाठी अर्धी घागर पाणी आणून दिलं होतं, पण वस्तीच्या हापशावर पन्नास बाया रांगेत होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत पिण्याचं पाणी चिखलात ओतायची त्याला लाज वाटली. घागर परत केली, माती कोरडीच दाबली. दुष्काळाने काळी जमीन बोट जाईल इतकी भेगाळलेली. आकडा शून्याजवळ आला. ‘गळती आढळली नाही,’ असं लिहून तो नांदेडला परतला. बावीस दिवसांनी हापशाच्या पाण्याला रॉकेलसारखा वास सुटला.

आज त्याने पाणी नांदेडहून कॅनमध्ये आणलं होतं. आकडा चढत गेला, थांबेना.

“जय भीम, भाऊ!” मागे चतुराबाई होत्या. त्या सोबतच्या बायांकडे वळल्या. “ह्योच तो पाणी वाचवणारा. न्हाईतर बाकीचे सायेब! नवा जिल्हा होणार म्हणून गप्पा हाणतेत अन् हात धुवायला बादली मागतेत.”

बाया हसल्या. भुजंगची मान खाली गेली. गळती नंतर सुरू झाली असं लिहिलं असतं, तर कुणी विचारणार नव्हतं.

“मावशी, ते पाणी वाचवायला नको होतं,” तो म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं.

हसणं थांबलं. चतुराबाई ओल्या मातीकडे बघत राहिल्या.

“तवाच बोलायचं की रे. भरून घागर दिली असती म्या.” मग हळू आवाजात, “नातीला बी त्याच हापशाचं पाजलंय म्या.”

त्याने नव्या कागदावर लिहिलं: पहिली मोजणी चुकीची, माती कोरडी, चूक माझी. खाली सही केली. कुणी ते पाणी उपसू नये म्हणून पान्याने हापशाचा दांडा काढला आणि जीपकडे निघाला.

“हिकडं आण,” चतुराबाई म्हणाल्या. “तो माझ्यापाशी राहील.”

उद्या सहा चाळीसला दुसरी नळी हापशाला लागून ठोकायची आहे. वस्तीवर पाण्याचा टँकर दिवसाआड येतो. उद्या त्याची पाळी नाही, आणि माती तर कालवावीच लागेल.