नव्या पुस्तकात वाघीचं काय होणार?

पुस्तक अजून यायचंय, पण त्याच्यावरचे किस्से आमच्याकडे आधीच गोळा झालेत!

आमचा गेम सोपा. मी गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, आणि डाव जमला की फसला ते फासा ठरवतो. नियमांचं एक जाडजूड पुस्तक आहे, त्याची नवी आवृत्ती येतेय. दर रविवारी जव्हारला माझ्या खोलीवर आम्ही चौघं जमतो: मी शाळामास्तर, मोबाईल दुकानवाला प्रदीप, एसटीचे कंडक्टर यशवंतराव आणि खोडाळ्याच्या नर्स वैशाली सिस्टर. गेम थांबवायचा असला की यशवंतराव चमच्यानं ग्लासवर एकदा टिंग करतात, सुरू करायचा असला की दोनदा. सवयच ती!

अडचण एकच. गेममध्ये सिस्टर वाघी नावाची बाई व्हायच्या; ती भुयारात मेली, आणि आत्ताच्या पुस्तकात मेलेलं माणूस परत येत नाही. "दुसरी बाई मी नाय करणार," सिस्टर म्हणाल्या. तेव्हापासून त्या नुसत्या बसतात, चहा पितात आणि जातात. एखाद्या रविवारी यायच्याच बंद होतील, ही मला धास्ती. सगळी आशा नव्या पुस्तकावर.

*

अफवा आणायचं खातं प्रदीपकडे. "नव्या आवृत्तीत फासेच नाहीत. सगळं ॲपवर!"

यशवंतराव शांतपणे म्हणाले, "मग राक्षसाला सांगा, शिरपामाळावर ये. इथं रेंज नाय!"

*

दुसरी अफवा: रात्रीचा मुक्काम केला की ताकद पूर्ण भरून येते, तो नियम जाणार.

"जाऊ द्या!" यशवंतराव उसळले. "ज्यानं तो लिहिला त्यानं मुक्कामी गाडी कधी केलेली नाय. सकाळी माणूस कंबर धरून उठतो!"

*

मग शिध्याचा नियम. प्रदीप म्हणाला, "आता एका भाकरीवर एकच दिवस चालता येणार."

"कसली भाकर, ते लिवलंय का?" सिस्टर बऱ्याच दिवसांनी बोलल्या. "नागलीची असंल तर दोन दिवस धरा!"

मी तो नियम तिथल्या तिथे मंजूर केला. त्या बोलल्या याचाच मला केवढा आनंद झाला!

*

एकदा सिस्टरांचे मोखाड्याचे मामा आले. बोहाड्यात, म्हणजे आमच्याकडच्या मुखवट्यांच्या उत्सवात, राक्षसाचं सोंग त्यांच्या घरात पिढीजात. आम्हाला बघून म्हणाले, "मुखवटे कुठं हायत? बसूनच बोहाडा?"

मी सांगितलं, वाघी मेली, आता परत येणार नाही.

मामा बुचकळ्यात पडले. "मला तं देवी दरसाल मारते. मी परत नाय आलो, तं पुढल्या साली ती मारंल कोणाला?"

सिस्टर पोट धरून हसल्या.

*

परवा प्रदीप धापा टाकत आला. नव्या आवृत्तीची काही पानं चाचणीसाठी बाहेर आली होती, ती त्यानं उतरवून आणली होती. आम्ही मोबाईलवर थेट मरणाचं पान काढलं.

"मेलेल्या पात्राचं काय करायचं, ते खेळणाऱ्यांनी आपसात ठरवावं." बस्स, एवढंच!

"म्हंजी काहीच नाय," सिस्टर म्हणाल्या आणि पिशवी उचलून उठल्या.

यशवंतरावांनी चमचा घेतला. टिंग!

"थांबा! मागून एक बाई पळत येतेय."

आम्ही सगळे दाराकडे बघायला लागलो. "कोण?" प्रदीपनं विचारलं.

"वाघी! चढा बाई, चढा लवकर. ओ मास्तर, पुढं सरका, जागा हाय!"

मी सरकलो. सिस्टरांनी पिशवी खाली ठेवली आणि फासा उचलला.

टिंग टिंग!