हरणीची खाज आणि गेनबाचं मौन

हमालानं येऊन सांगितलं, "बाबू, हरणीनं गेनबाला लाथ मारली. गेला जागीच." मी तेव्हा खिडकीवर तिकिटं देत होतो. मी त्याच्यावरच खेकसलो. दुपारच्या वेळी असली थट्टा करतात का, म्हणून त्याला चार शब्द सुनावले. त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं, तेव्हा मी तिकिटाची खिडकी लावून घेतली. हरणीनं, त्याच्याच घोडीनं? आणि गेनबाला? एक वेळ काष्टी स्टेशनावरचं इंजिन उलटलं असं कुणी सांगितलं असतं तर मी मानलं असतं. आज काही आठवडे झाले, तरी सकाळची गाडी आली की मी बाहेर टांग्यांच्या रांगेकडे बघतो आणि मनात म्हणतो, आज उशीर का झाला याला...

लढाई चालू होती त्या काळात माझी इथं बदली झाली. बुकिंग क्लार्कच्या नोकरीत माणसाला माणसांचा कंटाळा येतो. गेनबाचा मात्र कधी आला नाही. स्टेशन ते श्रीगोंदा त्याचा टांगा चाले. गडी उंच, हाडकुळा, आणि बोलका तरी किती! उतारू ऐकत नसला तर तो घोडीशी बोले. हरणी त्यानं काष्टीच्याच बाजारातून आणली होती. तेव्हा तिच्या मानेवर आयाळ नव्हती की शेपटीच्या बुडाशी केस नव्हते. खाजवून खाजवून सगळं सोलवटून निघालेलं. आधीच्या मालकानं खरूज समजून घासलेट चोळलं होतं, त्यानं कातडी भाजल्यासारखी झालेली. स्टँडावरच्या टांगेवाल्यांनी ओरड केली, की ही खरजुली घोडी आमच्या जनावरांजवळ बांधू नको. गेनबानं भांडण केलं नाही. तो लांब लिंबाखाली टांगा सोडायला लागला, एवढंच.

मी एकदा त्याला म्हटलं, "इंजिनाचं काळं तेल देऊ का? बाकीचे सगळे मागून नेतात." त्यावर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याच्या लेकीला विष घालायला निघालोय. "नगं बाबू. खरूज न्हाई ती. पावसाळ्यात चिलटं चावत्यात, त्येची खाज हाय. थंडीत बघा, कशी गप ऱ्हाती." आणि खरंच, दिवाळीनंतर हरणीच्या अंगावर मखमल चढली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. मग गेनबाचं सुरू होई. लिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं तिला धुवायचं, खरारा हलक्या हातानं फिरवायचा, करंजाच्या तेलात थोडा गंधक कालवून मानेला आणि शेपटीच्या बुडाला लावायचा. दिवस कलला की गोवरीवर ओला पाला टाकून धूर करायचा, म्हणजे चिलटं पळतात. या धुरात तो स्वतः खोकत बसायचा. सरूवहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "माझ्या डोक्याला कंदी येवढं त्याल लावलं न्हाई यांनी." हे ती माझ्यासमोर, त्याला ऐकू जाईल असं म्हणायची. तो हसायचा आणि तेल चोळत राहायचा.

त्याची एक रीत होती. घोडीच्या मागं जायचं तर आधी तोंड सुरू करायचं. आवाज देत देत, मानेपासून हात सरकवत पाठीवरून मागं जायचं. चिलटांनी पिसाळलेल्या जनावराला मागून नुसता हात लागला तर त्याला काय कळणार, माणूस आहे की कुत्रं... हे त्यानंच मला समजावलं होतं.

यंदा उन्हाळ्यात त्याची लेक कमळ बाळंतपणात अडली. दोन्ही जीव वाचले. त्या धास्तीत गेनबानं नवस बोलला होता, की श्रावणातले सगळे सोमवार दिवस मावळेपर्यंत मौन धरीन. आम्ही सगळे त्याला चिडवत होतो. माणूस दुसरं काहीही सोडील, पण गेनबा बोलणं सोडील? त्यानं सोडलं. पहिल्या सोमवारी हरणीला तेल लावायच्या वेळी वहिनी तिच्या तोंडाशी उभी राहून बडबडत होती आणि हा मागं चोळत होता. दुसऱ्या सोमवारी वहिनी नैवेद्य घेऊन देवळात गेली. तेवढ्यात हरणी अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याला शेपूट घासायला लागली, रक्त आलं. याला ते बघवलं नाही. वहिनी येईपर्यंत थांबायचं, तर नाही. वाटी घेतली आणि सरळ मागं गेला. शेजारणीनं आडावरून पाहिलं. एकच लाथ, छातीवर. देवासाठी तोंड मिटून गेला हा माणूस. हे मला अजून पचत नाही, आणि कुणी त्यात देवाची इच्छा वगैरे सांगितली की माझं डोकं फिरतं.

त्याचा भाऊ किसन यानं हरणीला लांब कुपाजवळ बांधली. वैरण लांबूनच फेकायचे. तेल नाही, धूर नाही. मी तेराव्याला गेलो तेव्हा तिच्या मानेवर माश्या घोंगावत होत्या आणि ती कुपाच्या काट्यांवर अंग घासत होती. किसन म्हणाला, "सोमवार झाला की नगरच्या छावनीत न्हेतो. गोळी घालत्यात तितं. खुनी जनावर दारात नगं." सोमवार अशासाठी, की श्रावणातला शेवटचा सोमवार राहिला होता आणि गेनबाच्या म्हाताऱ्या आईनं ठरवलं होतं, की अर्धा राहिलेला नवस सुनेनं त्या दिवशी मौन धरून पुरा करायचा. नाही तर कमळच्या पोराला बाधेल. वहिनीनं होकाराची मान हलवली. ती तशीही त्या दिवसापासून कुणाशी धड बोलत नव्हती.

त्या सोमवारी मी मुद्दाम गेलो. किसनला चार गोष्टी सांगून बघू, असं मनात होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं, म्हणून आजच तिच्या गळ्यात अडकवायला तो दावं हातात घेऊन उभा होता, पण जवळ जायचा धीर होत नव्हता. एवढ्यात वहिनी घरातून तेलाची वाटी घेऊन आली. मला वाटलं, हिलाही आता... मी पुढं झालो, पण ती बोलायला लागली होती. मोठ्यानं, अंगणभर ऐकू जाईल असं. "आले गं. मी हाय, सरू. कमळचं प्वार पालथं पडाया लागलंय, तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय? ऱ्हा हुबी. मानंला हात लावते. आता पाटीवर हाय. आता मागं येते बग..." हरणीचे कान तिच्याकडं वळले. शेपटीच्या बुडाला बोटं लागली तशी तिनं मान लांब केली, वरचा ओठ थरथरायला लागला आणि सगळा भार वहिनीच्या अंगावर टाकला. किसनच्या हातातलं दावं खाली आलं.

म्हातारी उंबऱ्यातून ओरडली, "सरू, आज सोमवार हाय! त्वांड मीट. पोरावर येईल."

वहिनीचा हात थांबला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही. "यिऊ द्या, आत्याबाई. माज्यावर यिऊ द्या," ती म्हणाली. "देवाला सांगा, एक जन गप ऱ्हायला, तेवढं पुरं झालं."