दाखवण्याजोगं काही नव्हतं

पोटाला हात लावायच्या आधी आमचे डॉक्टर आपले तळहात एकमेकांवर खसाखसा चोळायचे. गार हात लागला की पोट आक्रसतं आणि दुखणं नेमकं कुठं आहे ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. हात चोळता चोळता ठरलेला प्रश्न, "काय जेवला होता?" पेशंट भाजी-भाकरी म्हणाला की लगेच, "ते आज. परवा काय? तेरवा काय?"

कराडच्या त्या लहानशा दवाखान्यात मी सिस्टर होते. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. बाहेर गर्दी तुंबली की मी दारातून डोळे वटारायची. त्यांच्यावर काडीचा परिणाम नाही! "सिस्टर, गिळलेलं सांगायला माणूस लाजतो. वेळ लागायचाच," म्हणायचे. असा डॉक्टर तुम्हीही कधी पाहिला असेल. आता कुठं दिसतो का, सांगा बरं.

आणि काय काय गिळतात लोक! पिना, माशाचे काटे, मोडक्या दाताची तार. ऑपरेशन झालं की निघालेली वस्तू ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवायची, ही आमच्या भागातली रीतच आहे. ट्रे बघितल्याशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही.

एकदा कुंडलकडचे एक आबा आले. पलटणीतून पेन्शनीत आलेले, गळ्यात तुळशीची माळ, गावच्या भजनात वीणा त्यांच्याच गळ्यात. पोट लाकडासारखं कडक झालेलं. सोबत मुलगा आणि सून. सकाळी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये सूज दिसत होती, कारण काही सापडत नव्हतं.

"आमच्या घरात अंडंसुदिक शिजत न्हाई," सून ठसक्यात म्हणाली.

डॉक्टरांचं लक्ष आबांच्या तोंडाकडे. "आबा, कवळी हाय न्हवं?"

आबांनी मान डोलावली. डॉक्टरांनी मला खूण केली, मी मुलाला आणि सुनेला बाहेर काढलं. कवळीखाली टाळू झाकला जातो. घासात टोकदार काही आलं तरी माणसाला कळत नाही, सरळ पोटात जातं. हे त्यांनीच मला कधीतरी शिकवलेलं.

"आबा, आतडं फाटलंय असा माझा अंदाज हाय. काय गिळलं ते सांगितलं तर मला शोधाय सोपं."

आबा माळ चाचपत मला म्हणाले, "बाई, ही काढा गळ्यातनं. मग सांगतो."

मी माळ काढून हातात धरली. पलटणीतला जुना दोस्त भेटला होता. त्याच्या मळ्यात मटणाचा बेत. "लय वर्सांनी वास आला. ऱ्हावलं न्हाई," म्हणाले आणि म्हातारा हुंदके द्यायला लागला. "पोराला, सुनंला कळलं तर गावात तोंड कसं दाखवू? त्यापरास मेलेलं बरं."

"मरायचं बी न्हाई आन् माझ्याकडनं कळायचं बी न्हाई," डॉक्टर म्हणाले.

हाड शोधायचंय हे कळल्यावर त्यांनी स्कॅन पुन्हा निरखला. आतड्याच्या वळणात बारीक पांढरी रेघ होती. पोट उघडलं तर तिथंच हाडाची किरच, आतड्यातून आरपार गेलेली.

बाहेर मुलगा वाटच बघत होता. "काय निघालं? दाखवा की."

"आतड्याला भोक होतं, ते शिवलं. दाखवण्याजोगं काही नाही," डॉक्टर म्हणाले.

आबा खडखडीत बरे झाले. पण मुलाच्या डोक्यात संशय बसला तो बसलाच. काही नसताना म्हाताऱ्याचं पोट फाडलं, असं तो गावभर सांगत सुटला. त्या बाजूचे पेशंट आमच्या दारावरून पुढं जायला लागले. माझा नुसता जळफळाट! "एकदा त्या पोराला सुनावू द्या," मी म्हणायची. "आबांनी माझ्यावर विश्वास टाकलाय, सिस्टर," एवढंच उत्तर.

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. दवाखान्याच्या अंगणात शोकसभा झाली, तिला आबा मुलगा-सुनेला घेऊन आले. काठी टेकत माईकपाशी गेले.

"मी माळकरी असून मटण खाल्लं हुतं," ते म्हणाले. "त्येचं हाड आतड्यात घुसलं. ह्या मानसानं ते काढलं, माझी अब्रू झाकली आन् सोता बोल खाल्लं. माझ्याच पोराचं."

मुलानं मान खाली घातली. सुनेनं तोंडाला पदर लावला.

"ह्ये डाक्टर हुते तवाच, त्यांच्यादेखत सांगाय पायजे हुतं," आबा म्हणाले आणि डॉक्टरांच्या हार घातलेल्या फोटोकडे वळले.

मला रडू आवरेना. डॉक्टर असते तर लगबगीनं पुढं झाले असते, "आवं आबा, ऱ्हाऊ द्या की, बसा बघू खाली," म्हणाले असते. ते एक वाक्य ऐकायला माझा जीव तडफडत होता. आबा फोटोकडे बघत काठीवर वाकून उभे होते आणि त्यांना बसा म्हणायला कुणी उठलं नाही.