उद्या या

आईला लुबाडणारा मराठीत बोलला, आणि तेवढ्यावरच ती फसली. बंगळूरच्या आमच्या गल्लीत सगळीकडे कानडी. दारात कुणी ‘वहिनी, पाणी मिळेल का’ म्हटलं की तिला माहेरचं माणूस आल्यासारखं व्हायचं. दागिन्यांना पॉलिश करून देणारा तो हरामखोर पाणी प्यायला, आजीने दिलेल्या पाटल्या त्याने हळदीच्या कढत पाण्यात बुडवल्या, वर झाकण ठेवलं आणि ‘निवू द्या’ म्हणून निघून गेला. झाकण काढलं तेव्हा आत नुसतं हळदीचं पाणी होतं.

वडिलांनी धीर दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकानात जाताना ते दाराला बाहेरून कुलूप लावू लागले. ‘तुला माणूस ओळखता येत नाही,’ म्हणाले. हा शहाणा बायकोला कोंडून जायचा आणि शेजारी त्याला काळजी म्हणायचे! मला त्या कुलपाची आजही चीड येते.

त्या दिवसांत गल्लीतल्या दारादारांवर खडूने कानडीत ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, लिहिलेलं असायचं. एक भूत म्हणे आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं आणि हे वाचून माघारी फिरतं. आई त्या भाकडकथेला हसली, पण शब्द तिने उचलले. भांडीवाला असो की वर्गणीवाला, खिडकीतून गोड आवाजात सांगायची, ‘सरी, नाळे बन्नी’, म्हणजे ‘बरं, उद्या या’. खरा असेल तो येईल, असं तिचं म्हणणं. भांडीवाला तर दुसऱ्या दिवशी हसतच यायचा.

एका रविवारी वडीलच एकाला घरी घेऊन आले. आमच्या मूळ गावचं नाव सांगणारा, गुळगुळीत मराठी बोलणारा. शहराबाहेर देवनहळ्ळीजवळ प्लॉट पडतायत, टोकन आजच द्यायला हवं, म्हणाला. वडिलांनी कपाटाची किल्ली मागितली. ती तेवढी अजून आईच्या कमरेला होती.

‘आज नाही. उद्या या,’ आई त्या माणसाला म्हणाली. ‘आधी जागा बघू.’

‘वहिनी, उद्या उरणार नाही हो.’

‘मग राहू दे.’

‘पाहुण्यासमोर माझी अब्रू काढतेस?’ वडील केवढ्याने ओरडले! तो माणूस मात्र ‘बरं, उद्या सकाळी येतो’ म्हणत चपला घालून गेला.

सोमवारी वडील इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसून राहिले. आईने पाहुण्यासाठी चहाचं आधण ठेवलं, आटलं, पुन्हा ठेवलं. दुपारी ते उठले आणि दुकानाला निघाले. सवयीने हात कुलपाकडे गेला. आई दारातच उभी होती.

‘ते इकडे द्या,’ ती म्हणाली.

त्यांनी दिलं. पण ‘चुकलो’ एवढा एक शब्द मरेपर्यंत त्यांच्या तोंडून निघाला नाही.