नवमीला झोपलेली अवजारं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीत गुरुजी माझी पाटी पाहून विचारायचे, "मुंग्यांना गूळ कोणी दाखवला?" पुढे शाळा सुटली, मुंग्या मात्र तशाच राहिल्या. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

दर्यापूरजवळच्या आमच्या गावात तेव्हा जीप आली की लोक पारावर जमायचे. कपाशीनं पाठोपाठ दगा दिलेला. कोणी ना कोणी पाहणीला यायचं, दुःख विचारायचं, मान हलवायचं आणि चहा पिऊन जायचं. साखर आमचीच. त्याच दिवसांत माझे धाकटे दीर, भाऊजी, अमरावतीच्या एका कॉलेजातली कॉम्प्युटरची नोकरी सुटून घरी आले आणि म्हणाले, मला स्वतःचा कॉम्प्युटर पाहिजे.

पैसे मी बचत गटातून काढले. गटात मी मागच्या भिंतीला टेकून बसायची. त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही कर्जासाठी. माझ्यामागे नंबर शेजारणीचा होता, तिला बकऱ्या घ्यायच्या होत्या. माझे पैसे पूर्ण फिटल्याशिवाय तिला मिळणार नव्हते, गटाचा नियमच तसा. तेव्हापासून हापशीवर ती मला रोज विचारायची, "वैनी, माह्या बकऱ्या कोठवर आल्या?"

मी घागर भरायची आणि खाली पाहत घरी यायची.

भाऊजींचं काम काय ते मी एकदा धीर करून विचारलं. ते खुश झाले. त्यांना कोणी विचारतच नव्हतं.

"वैनी, कॉम्प्युटरमधले हे जुने अवजारं आहेत. आपल्या जन्माच्या आधीपासूनचे. एक फक्त ओळी मोजते, एक फक्त कापते, एक फक्त क्रमानं लावते. आपलं झालं की पुढच्याच्या हातात देते."

"आमच्या पापडासारखं," मी म्हटलं. गटात एक पीठ कुटते, एक लाटते, एक वाळवते.

"तसंच! आता नवे अवजारं आले, पण त्यायले जुन्या हाका ऐकू येत नाहीत. म्हणून मी जुनेच झाडूनपुसून नव्या डब्यात भरून राहिलो. वर चिठ्ठी. आत काय आहे, कोणी बनवलं, सोबत काय लागते."

डबे जायचे देशोदेशीच्या हौशी मंडळींकडे. ही माणसं आपापली नोकरी करून उरलेल्या वेळात कॉम्प्युटर चालवायची आपली स्वतःची पद्धत उभी करत होती.

"अन् विकाचे केवढ्याले?"

"फुकट."

बकऱ्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या.

एक डबा तयार करायला मशीनला कधी कधी अर्धा दिवस लागायचा, आणि तेवढा वेळ आमच्याकडे लाइट नसायची. मधेच गेली की पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई म्हणायच्या, "याच्या डब्याचं झाकण लावाच्या टायमालेच बरी जाते!"

मग गटाच्या बाया धंद्याची तपासणी करायला आल्या. अध्यक्षबाईंनी कॉम्प्युटरच्या मागं वाकून पाहिलं. "माल कुठं ठेवता?"

भाऊजींनी एक सीडी दाखवली. "याच्यात सगळे अवजारं आहेत."

"बकरी बसते का त्याच्यात?" शेजारणीनं विचारलं. सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले, आणि मग रात्रभर हसल्याचं वाईट वाटलं.

बकऱ्यांची वाट मोकळी झाली ती खंडेनवमीला. सासूबाईंनी सकाळीच वखर, विळे, कुऱ्हाड धुऊन अंगणात ओळीनं मांडली. हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग भाऊजींकडे वळल्या. "तुह्या अवजारायचं काय?" ओळीच्या शेवटी सीडी ठेवली गेली. कॉम्प्युटरच्या बटनावरही कुंकू लागलं. आता दसऱ्याच्या सकाळपर्यंत सगळ्यांना विश्रांती. भाजीसुद्धा सासूबाईंनी हातानं मोडली, विळी उचलली नाही.

दुपारी जीप आली. पारावरचे दोघं लगेच दुःख सांगायला उठले. पण उतरले ते अकोल्याचे, कापसातून सरकी काढायचा कारखाना असलेले एक जिनिंगवाले चाचा. शेजारणीचा भाऊ त्यांच्याकडे हमाल, त्यानं भाऊजींचं सांगितलेलं.

"बेटा, उद्या आमचा कापूस खरेदीचा मुहूर्त आहे," चाचा म्हणाले. "जुना कॉम्प्युटर गेला, नवा बसवला. काटा चालते, पण वजनाची पावती निघत नाही. दुकानवाला बोलते, सब नये सिरेसे लिहावं लागते, दोन महिने."

भाऊजींनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि त्यांचे डोळे चमकले. पावतीचं काम जुन्या हाका मारत होतं, नवी अवजारं ओ देत नव्हती. चाचांनी जो आकडा सांगितला त्यात गटाची बाकी फिटून वर चहापत्ती आली असती. भाऊजींचा हात सीडीकडे गेला.

"हात नोको लावू!" सासूबाई ओरडल्या. "झोपले ते."

"माय, सीडी आहे ते!"

"मंग पूजा कायची केली मी? प्लेटीची?"

भाऊजींनी आशेनं चाचांकडे पाहिलं. चाचांनी टोपी सारखी केली. "अम्मा बराबर बोलते. आमचे अब्बा पण नवमीले गाडीवाल्यायले बोलवत नव्हते, त्यायच्या गाड्यायची पूजा असे."

कुंपणावरून शेजारीण म्हणाली, "गेल्या माह्या बकऱ्या."

ते ऐकून मी दाराआडूनच म्हटलं, "भाऊजी, तुमी डबे बाहेरदेशी पाठवले होते नं? ते तिथंच आहेत?"

"आहेत. जर्मनीत एकाकडे. कुठूनही उतरवता येतात."

"त्याईच्या घरी खंडेनवमी असते का?"

सासूबाईंनी ओळीतल्या सीडीकडे पाहिलं. "तिथं कोणी कुंकू लावलं का त्यायले?"

"नाही, माय."

"मंग जागे असतील ते." त्या चाचांकडे वळल्या. "तुमच्या कॉम्प्युटरची पूजा झाली का?"

"नाही, अम्मा."

"मंग जा. पण इथलं काही उचलाचं नाही."

भाऊजी जीपमध्ये चढताना सासूबाईंनी त्यांच्या खिशातला पेनही काढून ओळीत ठेवला.

रिकाम्या हातानं गेलेल्या भाऊजींनी अकोल्याच्या एका इंटरनेट कॅफेत बसून आपलेच डबे जर्मनीहून परत आणले. दसऱ्याच्या सकाळी पहिली गाडी काट्यावर चढली आणि पावती निघाली. चाचांनी पैशांसोबत सरकीच्या ढेपेचं एक पोतं दिलं. ते सासूबाईंनी शेजारणीकडे पोचवलं. "बकऱ्यायले होईन."

पुढच्या बैठकीला मी पैसे पदराच्या गाठीत बांधून नेले. अध्यक्षबाई म्हणाल्या, मोजा कोणी तरी. शेजारीण माझ्या आधी उठली. तिनं नोटा मोजल्या, थुंकी लावून पुन्हा मोजल्या, आणि माझ्याकडे न पाहता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वैनीचे पूर्ण फिटले."