न उघडलेली तार

मी मिलच्या हापिसात कारकून होतो. मॅट्रिक पास, आणि डोक्यात भलतंच खूळ. वाचनालयातून अणूवरची पुस्तकं आणायची. निम्मी कळायची, निम्मी मी माझ्या मनानं जुळवायचो. त्यात कुठंतरी वाचलं की, कणाकडं कुणी बघेपर्यंत तो अमुक जागी आहे असं म्हणताच येत नाही. झालं! त्या एका वाक्यानं मला पछाडलं. जेवता जेवता बायकोला सांगायचो की, आपण बघतो तेव्हा कुठं जग ठरतं. ती म्हणायची, मग जरा तांदळातले खडे बघा.

माझं खूळ मनापासून ऐकणारा माणूस एकच, माझे थोरले भाऊ, अण्णा. ते माळशिरसकडं शेती करायचे. वडील लवकर गेले, तेव्हा त्यांनी शाळा सोडून औत धरलं आणि मला सोलापूरला शिकायला धाडलं. सुट्टीत गेलो की विहिरीजवळ बसून मी त्यांना सांगायचो, प्रकाश लाटही असतो आणि कणही. एकदा नेलेली सोलापुरी चादर पुढं केली आणि म्हटलं, हिची सुलटी बाजू कुठली ते सांगा. एकीकडं लालावर पांढरी नक्षी, दुसरीकडं पांढऱ्यावर लाल. त्यांनी ती दोन-तीनदा उलटीपालटी केली, हसले आणि अंगावर घेतली. पण ते बघण्याचं काही त्यांना पटेना.

"मी हिरीकडं पाठ करून बसलो, तर पानी कुटं जातं व्हय रं?"

हे बारीक कणांचं आहे, विहिरीचं नाही, असं पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं. ते मी सोयीस्कर गिळलं होतं.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आधीची एक सोयरीक साखरपुड्यानंतर मोडली होती, त्यामुळं आम्ही दोघं नवराबायको धास्तावलेलो. अण्णांचा निरोप आला होता की अंगात कणकण आहे, उतरली की येतो. हळदीच्या दिवशी सकाळी मांडवाच्या तोंडाशीच मला तारवाला भेटला. त्या काळी तार म्हणजे मरणाचीच. आमच्या गल्लीत पाकीट फोडायच्या आधी बाया रडायला लागायच्या. मी सही केली. माळशिरसकडचीच असणार, एवढं मला न उघडता कळलं.

सख्खा भाऊ गेला तर दहा दिवस सुतक, म्हणजे लग्न बंद. पण आमच्यातली जुनी माणसं सांगायची की, सुतक धरायचं ते कानावर आल्यापासून. कळलं नाही तोवर नाही. लग्नघरात अशी पत्रं कितीदा दडवली गेली आहेत. आणि माझं पुस्तकही तेच सांगत होतं, बघितलं नाही तोवर ठरलेलं नाही! मी पाकीट त्या पुस्तकात घातलं आणि पुस्तक ट्रंकेत टाकलं. मनाशी म्हटलं, अण्णा आता गेलेलेही नाहीत आणि असलेलेही नाहीत. लिहायला लाज वाटते, पण त्या घडीला मला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटलं.

लग्न पार पडलं. मी अक्षता टाकल्या, पंगतीत जिलेबीचा आग्रह केला. मुलगी निघाली तेव्हा हुंदका आवरेना. लोकांना वाटलं, बापाचं काळीज.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुतकाच्या आंघोळीला पाणी काढून ठेवलं आणि पाकीट फोडलं. तार मरणाची नव्हतीच. पुतण्यानं केलेली होती. अण्णा अत्यवस्थ, तुमची आठवण काढतात, लगेच निघा. एवढंच. दोन दिवस मी अण्णा आहेत की नाहीत याचा विचार करत होतो, आणि ते मला बोलावत असतील हे या शहाण्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

मिळेल ती एस्टी धरली. दुपारी पोचलो तर अंगणात माणसं खाली मान घालून बसलेली. अण्णा आदल्या संध्याकाळी गेले होते, म्हणजे तिकडं मी पंगतीत वाढत होतो तेव्हा. सकाळपर्यंत माझी वाट बघून घरच्यांनी अग्नी देऊन उरकून घेतलं होतं. खाटेवर ती चादर घडी करून ठेवली होती.

वहिनीनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. तार वेळेवर पोचली नसंल, तीच म्हणाली. मी मान डोलावली. आजवर ती मान तशीच आहे. खरं मी तिला कधी सांगितलं नाही, आणि आता ती पण राहिली नाही.

दोन दिवस ते दाराकडं तोंड करून निजले होते, तिनं सांगितलं. ती सारखी उठून रस्त्यापर्यंत जायची आणि येऊन म्हणायची, भावजी अजून दिसत न्हाईत. तर ते चिडायचे.

"दिसत न्हाय म्हनून काय झालं? निगालाय त्यो. वाटंत आसंल."