आमच्या नाटक मंडळाचे राजे

नाटक मंडळात बरीच वर्षं काढलेल्या माणसाला नाटकातलं काही विचारू नये. संवाद विसरलेले असतात, गाणी विसरलेली असतात, कुठलं नाटक कुठल्या साली केलं तेही सांगता येत नाही. पण प्रवेश चालू असताना कुणाची मिशी निघाली आणि तालमीतून कोण रुसून उठून गेला, हे मात्र काल घडल्यासारखं आठवतं. परवा महाडला एका लग्नात आम्ही मंडळातले जुने तिघेचौघे भेटलो. एक पंगत उठली, दुसरी बसली, तरी आमचं संपेना. शेवटी वाढप्याने विचारलं, "तुम्ही नवरीकडचे की नवऱ्याकडचे?" तेव्हा कुठे आम्ही उठलो.

आमचं गाव महाडहून वरंधकडे जाणाऱ्या रस्त्याला. चैत्रात देवीची जत्रा, आणि जत्रेला नाटक. तेही ऐतिहासिकच. सामाजिक नाटक एकदा करून पाहिलं, तर लोक म्हणाले, असले कपडे घातलेली माणसं आम्ही रोज बघतो. नाटक लिहायचे आणि बसवायचे बापू सर. पोलादपूरच्या हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मी तहसील कचेरीत कारकून, आणि मंडळात प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं आणि हळू आवाजात पुढचं वाक्य सांगायचं. त्यामुळे इतिहासातले सगळे राजे मी एका बाजूनेच पाहिले.

* * *

बापू सर कधी खऱ्या राजावर नाटक लिहीत नसत. इतिहासाचा मास्तर असून असं का, तर म्हणायचे, "खऱ्या इतिहासात प्रत्येकाचा पणजोबा असतो."

हे त्यांना अनुभवानं कळलं होतं. सुरुवातीच्या एका नाटकात त्यांनी एक फितूर सरदार घातला. लगेच त्या आडनावाची चार घरं सरांच्या ओटीवर हजर. सरांनी आडनाव बदललं, तर दुसरी चार घरं आली. मग आडनावच काढून टाकलं आणि नुसतं गाव ठेवलं, तर त्या गावात दिलेल्या आमच्या लेकींनी माहेरी बोलणं टाकलं. अखेर तो फितूर कुठल्याही गावचा नसलेला, आडनाव नसलेला, एकटाच जन्माला आलेला असा झाला.

ती भूमिका किराणा दुकानवाल्या सदाशेठकडे आली. स्वभावाने इतके गरीब की उधारी मागायलाही लाजायचे. पण स्टेजवर फितुरी अशी केली की बायकांनी बोटं मोडली. नेमके त्याच जत्रेला त्यांच्या मुलीला बघायला आलेले पोलादपूरकडचे पाहुणे पुढच्या रांगेत बसले होते. नाटक संपेपर्यंत सदाशेठच्या बायकोचा जीव टांगणीला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. मुलगी पसंत आहे. फक्त देण्याघेण्याची बोलणी मुलीच्या वडिलांशी नको, मामांशी करू.

* * *

राजा कोण होणार, हा मात्र दर वर्षीचा तंटा. एका वर्षी सरपंच शंकरराव मंडळाच्या बैठकीला आले आणि म्हणाले, गावचा सरपंच मी आणि राजा दुसराच कुणी, हे दिसायला बरं दिसत नाही. मांडवाची परवानगी त्यांच्याच हातात होती. सरांनी दिला राजा.

त्या नाटकात शेवटच्या अंकात म्हातारा राजा आपणहून गादी सोडतो आणि वनात जातो. सगळा जीव त्या प्रवेशात. तालमीत शंकरराव तो छान करायचे, डोळ्यांत पाणी आणून. पण जत्रेच्या आधी आठ दिवस ग्रामपंचायतीत त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला, आणि ठरावावर सह्या करणारे सगळे सदस्य नाटकाला येऊन पहिल्या रांगेत बसले.

शेवटचा प्रवेश आला. प्रधान म्हणाला, "महाराज, वेळ झाली." महाराज जागचे हलेनात. मला वाटलं वाक्य विसरले. मी विंगेतून सांगितलं, पुन्हा सांगितलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि भर स्टेजवर स्वच्छ आवाजात म्हणाले, "ऐकू आलंय मला. मी उठणार नाय."

प्रधान बिचारा मुकुट घ्यायला हात पुढे करून उभा. सरांनी पडदा पाडला. त्या वर्षी आमच्या इतिहासात राजा गादीवरच राहिला. ठराव मात्र सोमवारी मंजूर झाला.

* * *

पुढच्या निवडणुकीत सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. शंकररावांनी घरातल्या घरात उपाय काढला आणि त्यांच्या मंडळी, आमच्या सुमनवहिनी, सरपंच झाल्या. पहिल्या ग्रामसभेला दोघं बरोबर आले. शंकरराव सवयीनं जाऊन सरपंचाच्या खुर्चीत बसले. ग्रामसेवकाने रजिस्टर त्यांच्यापुढे उघडलं. वहिनींसाठी भिंतीकडेचं बाक होतं.

वहिनींनी शिपायाला मंडळाची खोली उघडायला सांगितली आणि आमचं सिंहासन मागवलं. सिंहासन म्हणजे एक जुनी हातांची खुर्ची, तिला सोनेरी कागद आणि पाठीला पुठ्ठ्याचे दोन सिंह. ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवून घेतलं, पदर सारखा केला आणि त्या बसल्या.

ग्रामसेवकाने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. मग रजिस्टर उचलून वहिनींच्या बाजूला नेलं.

"हं," वहिनी म्हणाल्या, "वाचा आता."

पुढे तालमी सुरू झाल्या तेव्हा आम्ही बिचकत बिचकत सिंहासन परत मागायला गेलो. वहिनी म्हणाल्या, "न्या की. खुर्ची मोकळी झाली आता."

* * *

शंकररावांनंतर राजा कोण, हा प्रश्न सरांनी महाडच्या एस. टी. स्टँडवर सोडवला. तिथे कंट्रोलरच्या खिडकीतून गाड्यांची नावं सांगणारा आवाज ऐकून ते थांबले. आवाज असा, की नुसतं "पोलादपूर" म्हटलं तरी माणसं रांगेत उभी राहायची. खिडकीत आमच्याच गावच्या बौद्धवाडीतले जाधव होते. ज्यांच्या आजोबांनी चवदार तळ्याची ओंजळ घेतली, त्या घरातले.

सरांनी तिथेच विचारलं. जाधव लगेच हो म्हणाले नाहीत. म्हणाले, सर, आमच्या वाडीतून मांडवाला दर वर्षी बांबू जातात, माणूस कधी स्टेजवर गेलेला नाही. आधी गावाला विचारा.

सरांनी विचारलं. बैठकीत कुणी नाही म्हणालं नाही, हो पण म्हणालं नाही. सगळे अण्णांकडे बघत राहिले. अण्णा म्हणजे गावचे मानकरी, देवीचा पहिला नारळ त्यांचा. नाटकात सेनापती दर वर्षी तेच, आणि पहिल्याच प्रवेशात सेनापतीने राजाला मुजरा करायचा होता.

अण्णा म्हणाले, "सर, नाटकात असली तरी मान माझीच वाकायची हाय." आणि उठून गेले.

त्यानंतर ते तालमीला आले नाहीत. सरांनी त्यांच्याकडे एकच निरोप पाठवला, की राजा ठरला आहे, सेनापती यायचा की नाही ते सेनापतीने ठरवावं. मंडळातल्या काहींनी तोड काढली. मुजरा कापू, सेनापती आधीच दरबारात उभा दाखवू. हे जाधवांच्या कानावर गेलं तसे ते ड्युटीवरून थेट सरांच्या घरी आले. मी तिथे होतो. जाधवांनी आवाज अजिबात चढवला नाही.

"सर, मला राजा करू नका, माझी तक्रार नाही. पण केलात तर मुजऱ्यासकट करा."

मुजरा राहिला.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला आम्ही रंगपटात बसलो होतो. सेनापतीच्या जागी दुसऱ्या माणसाला कपडे चढवत होतो, तोच अण्णा आले. घरूनच पोशाख करून. सरळ माझ्यापुढे येऊन पगडी नीट बसली का ते दाखवलं.

पडदा उघडला. सिंहासनावर जाधव. मांडवात मागच्या बाजूला बौद्धवाडीतली सगळी माणसं, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. अण्णा आत आले आणि दरबाराच्या मधोमध उभे राहिले. उभेच राहिले. मला वाटलं झालं, आता हे माघारी फिरतात.

मग अण्णा वाकले. हात जमिनीला लागेपर्यंत वाकले. इतके, की पगडी निसटली आणि पडली.

अण्णांचं टक्कल उघडं पडलं. वाकलेला माणूस तसाच राहिला, वर येईना. आणि जाधव सिंहासनावरून उठले. असं काही लिहिलेलं नव्हतं. खाली आले, पगडी उचलली, झटकली आणि दोन्ही हातांनी अण्णांच्या डोक्यावर ठेवली. म्हणाले, "सेनापती, सांभाळून. ही आमच्या दौलतीची आहे."

पुढची वाक्यं सांगायला मी तोंड उघडलं, पण शिट्ट्यांत ती कुणालाच ऐकू गेली नसती.

जाधवांच्या थोरल्या भावाला मात्र हे आवडलं नाही. राजाने खाली उतरून पगडी उचलावी, हे कशाला, असं तो त्यांना घरी बोलला. जाधवांनी त्याला दिलेलं उत्तर मला त्यांनीच सांगितलं. "राजा होतो म्हणून उचलली. नसतो तर उचलली नसती."

आणि अण्णा? पुढच्या वर्षी नाटक वेगळं, पण राजा जाधवच, आणि मुजरा होताच. रंगपटात अण्णा माझ्याजवळ आले आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "पगडी जरा सैल बांध."

* * *

राजा म्हणून जाधव एकदाच घसरले. सीझनची गर्दी, दिवसभर खिडकीत बोलून बोलून आलेले. लढाईच्या प्रवेशात सेनापतीला मोहिमेवर धाडायचं होतं. वाक्य होतं, "सेनापती, घाटमार्गे शत्रूच्या मुलखात शिरा." जाधवांनी हात उंचावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सेनापती, आपण बिरवाडी, वरंधमार्गे भोरकडे जाल."

अण्णा मुजरा करून निघाले. तेवढ्यात मांडवातून कुणीतरी विचारलं, "बिरवाडीला थांबा हाय का?"

जाधव आमचे पक्के. राजाच्याच रुबाबात म्हणाले, "विनंतीवरून."

* * *

आमच्या कचेरीतले साहेब एकदा जत्रेला आले आणि त्यांना नाटकात काम करायची हौस आली. आयत्या वेळी देणार काय? सरांनी त्यांना भालदार केलं. वाक्य नाही, फक्त भाला धरून उभं राहायचं. राजा म्हणतो, "भालदार, दारावर उभा राहा," आणि भालदार उभा राहतो.

जाधवांनी हुकूम दिला. साहेब उभे राहिले. त्यांना परत कधी जायचं हे सांगायला सर विसरले. प्रवेश बदलले, राजवाड्याचं रान झालं, रानाचं रणांगण झालं, साहेब भाला धरून तिथेच. ज्या साहेबांपुढे फाईल घेऊन जाताना मी दोनदा शर्ट नीट करायचो, त्यांना विंगेतून "आता जा" म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

सोमवारी कचेरीत त्यांनी मला आत बोलावलं. मी माफीच मागायला लागलो. साहेब म्हणाले, बसा. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इतकी वर्षं नोकरी केली. काय करायचं ते इतकं स्पष्ट मला वरून कधी कुणी सांगितलं नव्हतं."

* * *

शेवटी अण्णा आजारी पडले. महाडच्या एका दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. वय झालं होतं, आणि माणसं ओळखू येईनाशी झाली होती. मुंबईहून आलेल्या मुलाला, प्रकाशला, ते वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारायचे. सुनेला परिचारिका समजायचे. मी जायचो तर माझ्याकडे पाहून नुसते हसायचे, कुणाकडे पाहूनही हसावं तसे.

एके दुपारी मी तिथे असताना जाधव आले. स्टँडवरून तसेच, हातात दोन शहाळी. दारात क्षणभर थांबले, आत यावं की नाही अशा विचारात. अण्णांनी डोळे उघडले. बराच वेळ दाराकडे बघत राहिले. मग कोपरावर जोर देऊन उठायला लागले. अंगात ताकद नव्हती, तरी पायावरची चादर बाजूला करायला लागले.

"उठवा मला," ते म्हणाले. "महाराज आलेत."

प्रकाश ओशाळला. त्याने जाधवांकडे बघून, मनावर घेऊ नका, अशी खूण केली आणि अण्णांच्या कानाशी वाकून समजावलं, "अण्णा, महाराज नाय. जाधव हायत, आपल्या गावचे. एस. टी. तले जाधव."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. जरा चिडूनच.

"मला म्हाईत हाय कोण हाय ते," ते म्हणाले. "तू हात दे."